थांबलेल्या चेंडूचा खुंटा

मी एक खुंटा आहे, पण मला कधी गाय बांधली गेली नाही की बैल. माझ्या डोक्यावर बेसबॉलचा पांढरा चेंडू ठेवतात आणि समोर उभं राहून बॅटने तो मारतात. बॅट कशी फिरवावी, खांदा कधी वळवावा, नजर कुठे ठेवावी, हे ज्याला शिकायचं असतं त्याच्यासाठी मी असतो. पुस्तकात माझं नाव ‘टी’ आहे. पण ज्या घरात मी पहिल्यांदा उभा राहिलो तिथल्या बाईंनी मला खुंटा म्हटलं आणि तेच नाव मला लागलं.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मी थकलोय. शिकणाऱ्याची बॅट चेंडूला लागते त्यापेक्षा जास्त वेळा माझ्यावर बसते, आणि सहा वर्षं मी शिकणाऱ्यांच्याच हाती आहे. तेव्हा माझं बोलणं थोडं हळू वाटलं तर सांभाळून घ्या.

माझा जन्म जयपूरचा, विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रातला, सन २००३ चा. तिथे कजोडजी नावाचे एक वेल्डिंगवाले होते. एका रविवारी सकाळी त्यांच्याकडे सुखदेव नावाचे गृहस्थ वहीचा एक कागद घेऊन आले. ते रेल्वेत फिटर होते आणि भुसावळहून बदली होऊन नुकतेच जयपूरला आले होते. त्यांनी कजोडजींना हिंदीत सांगितलं की एक टी बनवायची आहे. कजोडजींनी मान डोलावली आणि समोरच्या टपरीवरून दोन कप चहा मागवला. चहा पिऊन झाल्यावर कागद उघडला गेला आणि मग दोघंही बराच वेळ हसले.

कागदावरचं चित्र सुखदेवांच्या मुलीनं, सुवर्णानं, काढलेलं होतं. खाली पाच कोनांची जाड लोखंडी पाटी, तिच्यावर उभा पाईप आणि त्यात वरखाली सरकणारा दुसरा पाईप. उंची पक्की करायला एक बोल्ट. शेंड्याला काय बसवायचं हे मात्र चित्रात नव्हतं. कजोडजींनी कोपऱ्यातून ट्रकच्या रेडिएटरचा जुना रबरी होज काढला आणि त्याचा वीतभर तुकडा कापून वर चढवला. ती माझी मान. सुखदेवांनी खिशातून टेप काढून सगळी मापं दोनदा घेतली, एका जागी वेल्डिंग खरखरीत राहिलं होतं ते कानशीनं घासून घेतलं, आणि जवळच्या झोटवाड्याहून बसने मला मांडीवर घेऊन रेल्वे कॉलनीत आणलं.

सुवर्णा तेव्हा पंधरा वर्षांची होती. भुसावळला तिच्या शाळेचा मुलींचा संघ होता, शिकवणारे सर होते, मैत्रिणी होत्या. इथे शाळेत कुणाला खेळाचं नाव धड माहीत नव्हतं. चेंडू टाकायला कुणी नाही, म्हणून तिनं वडिलांकडे मला मागितलं होतं. टाकणाऱ्याची गरज नसलेला चेंडू हवा होता तिला.

क्वार्टरच्या मागे छोटं अंगण होतं. तिच्या आईनं, भीमाबाईंनी, दोरीवर एक जुनी जाड गोधडी वाळत घालावी तशी टांगली. सुवर्णा मारायची, चेंडू गोधडीत धप्पकन बसून खाली पडायचा. पहिल्या दिवशी भीमाबाई दारात हात पुसत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की एवढ्यासाठी लोखंड आणलं होय, हा तर नुसता खुंटा आहे. पण तिसऱ्या दिवसापासून त्या पाटावर बसून बादलीतला एकेक चेंडू माझ्या डोक्यावर ठेवू लागल्या. शेजारी परातीत निवडायचे तांदूळ असायचे. चेंडू ठेवायचा, हात मागे घ्यायचा, दोन खडे काढायचे, पुन्हा चेंडू.

सुवर्णाचा फटका सुरुवातीला खाली यायचा आणि माझ्या मानेवर बसायचा. पहिली मान चार महिन्यांत फाटली. सुखदेवांनी दुसरी बसवली. तोवर पोरीची बॅट सरळ झाली होती. चेंडू उडायचा आणि मला फक्त वाऱ्याची झुळूक कळायची. माझ्या जातीला याहून मोठं सुख नाही.

त्याच सुमारास मंदाकिनी मॅडम भेटल्या. त्या जयपुरातल्याच मानसरोवर भागातल्या एका शाळेत खेळ शिकवायच्या आणि संध्याकाळी एका मैदानावर मुलींना बेसबॉलही शिकवायच्या. त्यांचे यजमान बँकेत होते. घर मूळचं साताऱ्याकडचं. सुवर्णाचा फटका पाहून त्यांनी तिला लगेच संघात घेतलं. घरात आनंद झाला. सुखदेव यार्डात सगळ्यांना सांगत सुटले की आमची सुवर्णा राजस्थानकडून खेळणार.

पुढच्या वर्षीच्या एप्रिलमध्ये ती एका संध्याकाळी डोळ्याला पट्टी बांधून घरी आली.

ते मी पाहिलं नाही, अंगणात बोलणं झालं त्यावरून सांगतो. सरावात एका मुलीच्या हातून चेंडू निसटला आणि थेट सुवर्णाच्या तोंडावर आला. डोक्यावरचं हेल्मेट सगळ्यांत मिळून एकच होतं आणि ते तिला सैल होत होतं. डाव्या डोळ्याखाली पाच टाके पडले. दहा दिवस तो डोळा उघडत नव्हता. डॉक्टरांनी नजर वाचली म्हणून सांगितलं तेव्हा भीमाबाई मागच्या पायरीवर येऊन एकट्याच बसल्या. भिंतीकडे बघत होत्या, बाकी काही नाही.

महिनाभराने सुवर्णा परत माझ्यापाशी आली. टाक्यांच्या जागी गुलाबी रेघ उरली होती. मला वाटलं, हात अडखळेल. पण तिनं असा फटका मारला की गोधडीची दोरीच सुटली. मग ती रोज यायला लागली. सकाळी शंभर चेंडू, संध्याकाळी शंभर. उन्हाळ्यातल्या गरम वाऱ्याची लू सुटली तरी, आंधीनं अंगणभर वाळू पसरली तरी. ती मैदानावर जाते असंही घरात सांगायची. बॅट पिशवीत घालून संध्याकाळी निघायची, तासाभरानं परत यायची आणि पुन्हा माझ्यासमोर उभी राहायची.

सुखदेव खूश होते. त्यांनी तिच्या मापाचं, गालापुढे जाळी असलेलं हेल्मेट आणून दिलं. भीमाबाई चेंडू ठेवत राहिल्या. मीही खूश होतो, खोटं कशाला बोलू? इतका सुंदर फटका मी कुणाचा पाहिला नव्हता.

सप्टेंबरात एका रविवारी मंदाकिनी मॅडम घरी आल्या. घरात चहा झाला आणि मग सगळे मागे अंगणात आले, कारण सुखदेवांना मॅडमना पोरीचा सराव दाखवायचा होता. मॅडमनी दहा फटके पाहिले. मग त्या सुखदेवांना म्हणाल्या, “फटका उत्तमच आहे. पण सुखदेवजी, ती मैदानावर का येत नाही? मे महिन्यानंतर एकदाही आलेली नाही.”

सुवर्णाच्या हातात बॅट होती, ती तशीच राहिली.

मग हळूहळू सगळं निघालं. टाके काढल्यावर ती दोनदा मैदानावर गेली होती. चेंडू टाकणारीचा हात वर झाला की तिचा पाय आपोआप मागे जायचा. दुसऱ्या वेळी मुली हसल्या. तेव्हापासून ती संध्याकाळी बॅट घेऊन निघायची, कॉलनीच्या बागेत बाकावर बसायची आणि वेळ झाली की घरी यायची.

सुखदेवांनी माझा बोल्ट उगाच घट्ट करून पाहिला. मग म्हणाले की झालं तेवढं पुरे झालं, डोळा वाचला हेच खूप, आता अभ्यासाकडे बघ. ते रागावून म्हणाले असते तर बरं झालं असतं. मॅडम म्हणाल्या की भीती सगळ्यांनाच वाटते, डिसेंबरात राज्य संघाची निवड चाचणी आहे, मन झालं तर ये. आणि त्या गेल्या.

त्या दिवशी मला माझीच लाज वाटली. माझ्या डोक्यावरचा चेंडू हलत नाही. तो कुणाच्या अंगावर येत नाही. पाच महिने ती पोर माझ्याआड लपली होती आणि मी मात्र तिच्या फटक्याचं कौतुक करत होतो.

आठवडाभर कुणी मागे फिरकलं नाही. मग एका दुपारी भीमाबाई सुवर्णाचे बूट घेऊन नळापाशी आल्या. सुवर्णा पायरीवर पुस्तक घेऊन बसली होती. बूट समोर धरून भीमाबाई म्हणाल्या, “मला माहीत होतं.”

सुवर्णानं वर पाहिलं.

“हे बूट मीच धुते ना? आधी बोटभर माती निघायची. मे महिन्यापासून काहीच निघत नाही. मला सगळं समजत होतं, पण मी गप्प राहिली. मलाच बरं वाटत होतं. इथे तुला कोणी मारत नव्हतं.”

“मतलब, तू पप्पांना पण नाही सांगितलं?”

“नाही सांगितलं. तुझ्याइतकी मीही भ्याली होती.”

सुवर्णा रडली. भीमाबाईंनी तिला रडू दिलं. मग बूट बाजूला ठेवून त्या आत गेल्या आणि सुखदेवांच्या जुन्या मोज्यांचे गोळे बांधून घेऊन आल्या. मला त्यांनी पार खाली केलं, इतकं की मी गुडघ्याएवढा झालो. गोधडी सोडून दुसऱ्या टोकाला, माझ्या मागे बांधली. स्वतः समोर दहा पावलांवर उभ्या राहिल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या की मी टाकते, खुंट्याच्या डोक्यावरून गेलं पाहिजे, तू नुसती उभी राहा.

मोज्याच्या गोळ्याला कोण भिणार? तरी पहिल्या गोळ्याला सुवर्णाचा पाय मागे गेला. मी अगदी तिच्या पायाशी होतो, मला दिसलं. तिलाही कळलं. दुसरा गोळा आला.

चार-पाच दिवसांत पाय थांबला. मग रबरी चेंडू आला. भीमाबाईंचा नेम अजब होता. चेंडू माझ्या पोटाला लागायचा, भिंतीला लागायचा, एकदा शेजारच्यांच्या पाण्याच्या टाकीवर दणका बसला आणि पलीकडून कोण आहे म्हणून विचारणा झाली. पण बालपणी शेतात पाखरं हाकताना त्यांनी गोफण चालवली होती. हाताला हळूहळू आठवत गेलं. दिवाळीपर्यंत दहातले सात चेंडू माझ्या डोक्यावरून जायला लागले.

खरा चामड्याचा चेंडू हातात घेतला त्या दिवशी मात्र सगळं परत पहिल्यावर आलं. सुवर्णा दोन्ही पायांनी मागे सरली. पुन्हा टाकला, पुन्हा सरली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तिनं बॅट टाकून दिली आणि म्हणाली, “तू सोड आई. तुला नाही समजणार. तू तिथे उभी आहेस.”

भीमाबाई चालत आल्या. सुवर्णाच्या डोक्यावरचं हेल्मेट काढून स्वतःच्या डोक्यावर, पदरावरूनच चढवलं, बॅट उचलली आणि माझ्याजवळ तिच्या जागी उभ्या राहिल्या. बॅट त्यांनी भाकरीची काठवट धरावी तशी आडवी, दोन्ही हातांत धरली होती.

“जा तिथे. टाक.”

सुवर्णानं अगदी हळू टाकला. तो चेंडू माझ्यापर्यंत पोचलाच नाही.

“तुझ्या आईला खेळवू नको. नीट टाक.”

दुसरा चेंडू नीट आला. फार जोरात नव्हता, पण चामड्याचा होता, आणि तो आतल्या बाजूला वळला. भीमाबाई हलल्या नाहीत. डोळे मात्र त्यांनी मिटून घेतले होते, ते मी खालून पाहिलं. चेंडू त्यांच्या दंडावर बसला. आवाज गोधडीसारखा नव्हता.

त्या मटकन खाली बसल्या, माझ्या पाटीवरच. बांगडी फुटली होती. सुवर्णा धावत आली, आई, आई करत त्यांचा हात धरू लागली. भीमाबाईंनी दंड चोळला, हेल्मेट काढलं.

“लागते,” त्या म्हणाल्या. “खूप लागते, सुवर्णा. मी समजत होती, पोरगी उगाच घाबरते.”

त्यावर सुवर्णा त्यांच्याजवळ मातीतच बसली. धीर धर, काही होत नाही, असलं काही भीमाबाई बोलल्या नाहीत. दंडावर निळं उठत होतं, तेच त्या पोरीला दाखवत होत्या. आणि मग का कुणास ठाऊक, सुवर्णा हसायला लागली, आणि भीमाबाईही.

दुसऱ्या दिवशी भीमाबाईंचा उजवा हात वर होत नव्हता. सुखदेव कामावरून आले, त्यांनी दंड पाहिला. शर्टाच्या बाह्या दुमडल्या आणि चेंडू स्वतः उचलला. माझ्या डोक्यावरून पहिला चेंडू गेला तेव्हा सुवर्णाचा पाय थरथरला, पण जागेवर राहिला. मी खाली होतो, मी सांगतो, तो जागेवर राहिला.

दोन दिवसांनी ती मैदानावर गेली. बुटांना माती लावून परत आली.

डिसेंबरातल्या चाचणीत तिला सहा चेंडू मिळाले. तीन हुकले, दोन बाहेर गेले, एक तिनं दूरवर मारला. तिची निवड झाली नाही. राखीव मुलींच्या यादीत नाव आलं, आणि राखीव मुलींना स्पर्धेच्या गावाला नेलं नाही. सुखदेव घरी येऊन हे सांगत होते तेव्हा त्यांचा आवाज मात्र निवड झाल्यासारखा होता. ती सहाही चेंडूंना मागे सरली नाही, हे त्यांनी भीमाबाईंना तीनदा सांगितलं.

पुढच्या वर्षी तिची निवड झाली. ती राजस्थानकडून खेळली, दोन वर्षं खेळली. गुलाबी रेघ तोवर पांढरी झाली होती. माझ्याकडे ती आठवड्यातून एकदा यायची, पन्नास चेंडू मारायची, हात फिरवायची आणि निघून जायची. अंगणात माझ्यावर ओली फडकी वाळत पडू लागली. मला वाईट वाटलं का? वाटलं. पण तसंच व्हायला हवं होतं, हेही कळत होतं.

२००७ मध्ये सुखदेवांची परत भुसावळला बदली झाली. सामान बांधलं गेलं. मी जड, त्यात पाटी गंजलेली. सुवर्णानं वडिलांना मला घेऊन चला म्हटलं, आणि मग स्वतःच म्हणाली की नको, इथे कुणाच्या तरी उपयोगी पडेल. निघायच्या आदल्या दिवशी तिनं मला घासून काळा रंग दिला आणि स्कूटरवर पायापाशी उभं करून मंदाकिनी मॅडमकडे मानसरोवरला पोचवलं. जाताना भीमाबाईंनी माझ्या मानेवरून हात फिरवला, कणीक मळून झाल्यावर हात पुसतात तसा. तेवढंच.

तेव्हापासून मी मॅडमच्या शाळेत आहे. इथली दोन वर्षं कशी गेली ते विस्तारानं सांगायचं त्राण नाही. क्रिकेट खेळणाऱ्यांनी माझा स्टंप केला. संक्रांतीच्या आदल्या दिवशी माझ्याभोवती कुणी तरी मांजा गुंडाळला, त्याचे काप माझ्या रबरावर अजून आहेत. एका पावसाळ्यात मी खेळाच्या खोलीचं दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून लावून ठेवलेला होतो. माझा बोल्ट गंजून अडकला, त्यामुळे मी आता एकाच उंचीचा आहे. माणसांची एक सवय मी पाहिली आहे. ज्या वस्तूची गरज संपते ती त्यांना दिसेनाशी होते, आणि अडखळून पडले की मग तिचा राग येतो.

या वर्षी मात्र एक मुलगी रोज मधल्या सुट्टीत येऊ लागली. तिचं नाव तनया. वडील विमा कंपनीत अधिकारी आहेत, हिचा जन्म इथलाच. मॅडमशी मराठी बोलताना ती शब्द शोधत बोलते. शाळेत आता मुलींचा संघ आहे, पण तनया तिकडे जात नाही. ती मला खोलीतून ओढत भिंतीपाशी आणते, चेंडू ठेवते आणि मारते. एकटीच. बारा-तेरा वर्षांची असेल. फटका छान आहे तिचा.

मला तो फटका पाहून आनंद होत नाही. मी हे आधी पाहिलंय. संघातल्या मुली पन्नास पावलांवर एकमेकींना चेंडू टाकत असतात आणि ही त्यांच्याकडे पाठ करून माझ्यासमोर उभी असते. तोंडाला काय झालंय, मनाला काय झालंय, मला माहीत नाही. एकदा मॅडमनी विचारलं, तर ती म्हणाली, “इथे ठीक आहे, मॅडम. इथे कोणी बघत नाही.”

मला बोलता आलं असतं तर तिला म्हटलं असतं, बाळ, माझ्यापाशी फार दिवस राहू नकोस. पण मला बोलता येत नाही. मी फक्त उभा राहू शकतो.

आज मात्र तेही नीट जमलं नाही. माझी मान सकाळीच एका बाजूनं उभी चिरली. तनयानं चेंडू ठेवला, तो पडला. तिनं पुन्हा ठेवला, पुन्हा पडला. रबर दाबून, हातानं धरून तिनं बरीच खटपट केली. पाचव्यांदा चेंडू घरंगळत गेला तो थेट त्या मुलींच्या दिशेनं. ती तो आणायला गेली. वाकून उचलला. तिथेच उभी राहिली, चेंडू हातात घेऊन, ना पुढे ना मागे.

मग त्यांच्यातल्या एकीनं हातमोजा वर केला आणि चेंडू मागितला. तनयानं तो टाकला. वाकडा गेला, पण गेला. आणि तिकडून परत आला.

सुट्टी संपेपर्यंत ती माझ्याकडे आली नाही. मी भिंतीपाशी तसाच उभा होतो, मान लोंबत होती. मॅडम जाता जाता थांबल्या, माझी चीर बोटानं उघडून पाहिली आणि शिपायाला म्हणाल्या की याला उद्या नवीन रबर बसवून आणायला हवं.

मॅडम, एवढं ऐका. माझं काही अडलेलं नाही. सहा वर्षं उभा आहे, थोडा आडवा पडलो तर बरंच आहे मला. रबर बसवायचं असेल तर बसवा, पण उद्या नको. निदान आठवडाभर तरी नको.